पाटी रस्त्याकडे, वारा समुद्राकडून

विषय : लोमा ग्रिस वस्तीच्या माथ्यावरील धुके-जाळी समुद्राकडे वळवून मिळण्याबाबत.

उपरोक्त विषयातली जाळी म्हणजे मीच. लिमाच्या या उघड्या टेकडीवर दोन खांबांमध्ये ताणलेली आहे. पाऊस इथे पडत नाही. हिवाळाभर धुके मात्र येते. ते धरून खालच्या टाकीत गाळायचे, एवढेच माझे काम.

माझी युक्ती एका वाळवंटी भुंगेऱ्याची. तो वाऱ्यासमोर पाठ उंचावून डोके खाली घालतो. धुक्याचे थेंब पाठीवरून आपसूक तोंडात येतात. त्याचे कधी उद्घाटन झाले नाही, म्हणून त्याला दिशा चुकत नाही.

माझे झाले. आमच्याकडे नवे घर असो, ट्रक असो की फुटबॉल संघाचे कपडे, मानलेला बाप असल्याशिवाय वापरात येत नाहीत. माझे बाप झाले नगरसेवक डॉन ओलेगारियो. त्यांच्या नावाची पाटी माझ्या चौकटीला जोडली, आणि ती रस्त्यावरून वाचता यावी म्हणून मला रस्त्याकडे तोंड करून रोवले. समुद्राच्या वाऱ्याला माझी फक्त कड मिळते.

समारंभाला टाकी कोरडी दिसू नये म्हणून टँकरचे पाणी ओतले. खांबावर बाटली फुटली, नळ सोडला, टाळ्या झाल्या. माझ्यासाठी आपला भाजीचा वाफा दिलेल्या एरलिंदाबाईंनी त्या पाण्याने कपाळावर क्रूस काढला. तेव्हा मला जमिनीत जावेसे वाटले. पण खांब पक्के रोवलेले होते.

त्या भरवशावर बाईंनी घरावरच्या उतारावर तारा नावाच्या काटेरी झाडाची रोपे लावली. मुळांनी माती धरली, तर दगड छपरावर येणार नाहीत.

"काय शेजारीणबाई, जाळीत मासा लागला का?" खाली टँकर लावून पाणीवाला तेओफिलो ओरडतो.

"लागला की, नगरसेवक लागला! सोडायलाच तयार नाही."

"मग चार जणांनी फिरवा तिला. दुपारभराचं काम."

"आणि बापाचं नाव कोण वाचणार, समुद्र? पायऱ्या बांधून द्यायचं त्यांनीच कबूल केलंय. रुसले, तर जन्मभर मातीवरून घसरत उतरायचं."

"मग अर्ज करा."

"केलाय रे. बापाची संमती जोडा म्हणतात."

कधी वारा चुकून वळतो आणि टाकीत तांब्याभर पाणी पडते. बाई ते सगळे रोपांना घालतात, वर माझ्या खांबावर हात ठेवून आभार मानतात. त्यांनी शिवी घातली असती, तर मला सोपे गेले असते.

सद्यस्थिती : धुक्याचे दिवस सरत आले आहेत. वरची रोपे वाळली. छपरामागचे एक अजून हिरवे आहे. त्याला बाई भांडी विसळलेले पाणी घालतात. डॉन ओलेगारियो खालच्या चौकातल्या नव्या कारंज्याचे बाप व्हायला गेले आहेत. अर्ज प्रलंबित आहे.