वांग्यांचा सत्कार

आमच्या कॉलनीची भाजीबाग वाचली. त्यासाठी अध्यक्ष पंजाबराव भाऊंना वांग्याच्या वाफ्यात खुर्ची टाकून बसवावं लागलं आणि त्यांच्या अंगावर शाल घालावी लागली.

वरील दोन वाक्यं रद्द समजावीत. असं काहीही घडलेलं नाही. बाग समितीच्या इतिवृत्तात तशी नोंद नाही, आणि इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळे मला खात्रीनं माहीत आहे. मी विपुल, समितीचा सचिव. कॉलनीच्या तोंडावर माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. ज्याच्याकडे प्रिंटर तो सचिव, असा अमरावतीत अलिखित कायदा आहे.

तर जे घडलं नाही, ते असं.

कॉलनीच्या मधोमध एक मोकळा प्लॉट आहे. पावसाळ्यात आम्ही तिथे सोळा घरांचे सोळा वाफे पाडले. उद्घाटनाला तीन भाषणं झाली. दसऱ्यापर्यंत पंधरा घरांना आठवलं की आपल्याला फक्त भाजी खायला आवडते. सोळाही वाफे मैनाबाईंच्या अंगावर पडले आणि त्यांना त्याचा आनंद झाला.

मैनाबाई म्हणजे आमच्या कुलदीपची आई. कुलदीप बँकेत आहे. बाईंनी जन्मभर तिवस्याजवळ काळी जमीन कसली. गुडघा बोलायला लागला तसं कुलदीपनं त्यांना इकडे दुसऱ्या मजल्यावर आणलं. दुसऱ्या मजल्यावर काळी जमीन नसते. बाईंनी गॅलरीतल्या तुळशीला दिवसातून सात वेळा पाणी घालून ती बुडवली, मग मुलाला सरळ सांगितलं, "हाताले माती पाह्यजे. माती असन तं राईन, नाई तं मी आपली गावाले बरी." गावात आता घर होतं, घरात कोणी नव्हतं. त्यामुळे बाग राहणं ही कुलदीपच्या झोपेशी निगडित बाब होती. हे तो मला रोज दुकानात येऊन सांगायचा आणि एक झेरॉक्स काढून जायचा. कशाची ते मी कधी विचारलं नाही.

पंजाबराव भाऊ वरूडच्या संत्र्यांचे व्यापारी. त्यांच्या तीन गाड्या आहेत आणि तिन्हींना सावली आवडते. त्यांना त्या प्लॉटवर सिमेंटचे गट्टू बसवून पार्किंग हवं होतं. दिवाळीनंतरच्या सभेत त्यांनी तोडगा काढला. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी कॉलनीचे रोडगे असतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वरून तूप, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. त्या दिवशी भाजीची सगळी वांगी बागेतली निघाली तर बाग राहील. एक जरी वांगं बाजारातून आणावं लागलं, तर सोमवारी गट्टू. बोलणं संपायच्या आत गट्टूंची गाडी गेटजवळ खाली झाली. भाऊ तयारीचे माणूस.

वांगी धरली होती, पण डिसेंबरात पारा नऊवर आला आणि ती लिंबाएवढी होऊन थांबली. फुलं गळायला लागली. मैनाबाई म्हणाल्या की वांग्याले थंडी वाजून राहिली. शेतात अशा वेळी पहाटे बांधावर धूर करतात. बाईंनी केला. कोणीतरी आग समजून अग्निशामक बंब बोलावला. तो आला, त्यातल्या लोकांनी चहा घेतला आणि ते मेथीच्या चार जुड्या घेऊन गेले. धूर बंद झाला.

मग झाडं झाकायचं ठरलं. बाईंनी घरोघरी जुनी लुगडी, जुन्या चादरी मागितल्या. इथे कॉलनीचं खरं दारिद्र्य उघडं पडलं. जुना कपडा कोणाकडेच नव्हता. सगळा भांडेवालीला देऊन त्याची स्टीलची पातेली, म्हणजे आमच्याकडची गंजं, झाली होती. मैनाबाई हताश होऊन म्हणाल्या की मग गंजंच उपडी घालू का वांग्यावर.

तेव्हा गोपाळकृष्ण सर पुढे आले. सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्याकडे सत्कारात मिळालेल्या एक्केचाळीस शाली होत्या. सत्काराच्या शालीचं असं असतं, की ती अंगावर घेता येत नाही, कोणाला देता येत नाही, आणि भांडेवाली तर तिच्याकडे बघतही नाही. सरांनी त्या एक्केचाळीसही आणल्या. वांग्याची झाडं छत्तीस होती. योग जुळून आला.

पहिल्या संध्याकाळी सहा वाजता सरांनी पहिली शाल उलगडली, पहिल्या झाडावर घातली आणि तिथेच उभे राहिले. हलेनात. मी म्हटलं, सर, पुढचं झाड. सर म्हणाले, "विपुल, शाल घातल्यावर दोन शब्द बोलायचे असतात."

आणि ते बोलले. त्या झाडाच्या साधेपणाबद्दल, काटे असूनही टिकवलेल्या मृदू अंतःकरणाबद्दल. आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण हात गार पडले होते.

छत्तीस झाडांना अडीच तास लागले. सकाळी आठला ऊन मिळावं म्हणून मैनाबाई शाली काढायच्या. दिलेला सत्कार परत घेतात का, म्हणून सर तेवढा वेळ तोंड फिरवून उभे राहायचे. संध्याकाळी पुन्हा सत्कार. तिसऱ्या दिवशी कॉलनीतल्याच अनुपमा मॅडम सूत्रसंचालनाला आल्या. चौथ्या दिवशी खुर्च्या आल्या, पाचव्या दिवशी माईक. बाजूच्या कॉलनीतून लोक स्वेटर घालून ऐकायला येऊ लागले. झाडांची मानपत्रं माझ्या प्रिंटरवर निघाली. झाड क्रमांक अकराचं मी स्वतः वाचलं आणि वाचताना माझा आवाज थोडा कापला. थंडी होती.

वांगी मात्र फुगली. शालीमुळे फुगली की स्तुतीमुळे, हे विज्ञानानं ठरवावं.

अठ्ठावीस तारखेचा रविवार उजाडला. अकरा वाजता गोवऱ्या पेटल्या, रोडगे आरात गेले, मोठ्या गंजात तेल तापलं. अनुपमा मॅडम घमेलं घेऊन वाफ्यात गेल्या आणि रिकामं घेऊन परत आल्या. त्यांनी सांगितलं की तीन नंबरची ओळख कालच आपण करून दिली होती, आज त्याच्यावर कात्री चालवणं बरं दिसत नाही. कुलदीप गेला. तो अर्ध्यातून परतला. मला विचाराल तर मी गेलोच नाही. अकरा नंबरच्या नजरेला नजर कोण देणार?

एवढ्या वर्षांत या गावात कितीतरी लोकांना आम्ही शाली घातल्या, पण सत्कारमूर्तीला फोडणी घालायची वेळ पहिल्यांदाच आली होती. छत्तीस झाडं वांग्यांनी वाकली होती आणि तोडायला माणूस नव्हता.

पंजाबराव भाऊ खुर्चीवर बसून हे बघत होते. त्यांनी मोबाईल काढला. "तेल जळून राह्यलं," ते शांतपणे म्हणाले. "बाजारातून दोन क्रेट बोलावू का?"

कुलदीप आईकडे बघायला लागला. मैनाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"सर, वांगं हाय ते. आमदार नाई."

"बाई," सर कळवळून म्हणाले, "एकदा शाल घातली की तो मोठा होतो."

"मोठं झालं म्हून तं तोडाचं," बाई म्हणाल्या आणि वाफ्यात शिरल्या.

सरांनी सकाळच्यासारखं तोंड फिरवलं. दहा मिनिटांत घमेलं भरलं, मग दुसरं भरलं. वांगी चिरली गेली, गंजात पडली, आणि अख्ख्या कॉलनीला वास सुटल्यावर कोणालाही कोणाचा नंबर आठवला नाही. भाजी बाहेरच्या एकाही वांग्याशिवाय झाली.

भाऊंनी मोबाईल खिशात ठेवला, पण जेवायला उठले नाहीत. ते बाजूला रचलेल्या शालींकडे बघत होते. मी ताट घेऊन गेलो तेव्हा हळूच बोलले. बावीस वर्षांपासून अमरावती-अकोल्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाला संत्रे त्यांचे जातात. स्टेजवर पाहुण्यांच्या समोर ठेवलेली टोपली त्यांची असते. "संत्रे माह्ये, शाल दुसऱ्याले. आन् आता वांग्यालेही भेटली," ते म्हणाले. "मले नाई भेटली."

मैनाबाईंनी ऐकलं. त्यांनी ढिगातली एक शाल उचलली, झटकली, त्यातला एक सुरवंट काढून टाकला आणि भाऊंच्या खांद्यावर घातली. भाऊ ताठ बसले. थोडा वेळ वाट बघून त्यांनी विचारलं, "दोन शब्द?"

"काय बोलू? थंडी हाय. पांघरून घ्या."

भाऊंचे डोळे भरून आले. रश्शात तिखट जास्त होतं, हेही नमूद करतो. मग सर चाळीस मिनिटं बोलले आणि रोडगे गार झाले, पण कोणी कुरकुरलं नाही.

सोमवारी गट्टू बसले नाहीत. भाऊंनी सांगितलं की कबूल केल्याप्रमाणे बाग राहील. फक्त एक किरकोळ अट आहे. संध्याकाळचा कार्यक्रम चालू ठेवावा, आणि सदतिसावी शाल त्यांची. आता ते रोज सहाला वाफ्याच्या टोकाला, छत्तीस नंबरच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. आपला क्रमांक येईपर्यंत बोलत नाहीत. याची नोंद करू नये असं त्यांनी मला बजावलं आहे.

अडचण आता जानेवारी संपत आल्यावर लक्षात येऊ लागली. ऊन तापलं की शाल घालायचं निमित्त जाणार. परवा भाऊंनी घाम पुसत सहज विचारलं की ते गट्टू उन्हात खराब तं नाई होत न. तेव्हापासून ज्या मैनाबाई महिनाभर थंडीला शिव्या घालत होत्या, त्या रोज सकाळी दुकानात येऊन मला विचारतात, "पारा वर तं नाई न गेला, बापू?" काल गेला होता. बाईंनी स्टूल ओढलं, बसल्या आणि म्हणाल्या, कोणाले तरी अर्ज कर.

म्हणून केला.

प्रति,
मा. हवामान अधिकारी महोदय,

विषय : थंडीस मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या कॉलनीच्या हद्दीत, ते शक्य नसल्यास निदान वांग्याच्या वाफ्यापुरते, दररोज सायंकाळी सहा ते साडेआठ या वेळेत तापमान दहा अंशांच्या वर जाऊ देण्यात येऊ नये. सदर सवलत वर्षभर लागू करावी. मे महिन्याचा विचार सहानुभूतीपूर्वक व्हावा. कार्यवाही झाल्यास आपला यथोचित सत्कार करण्यात येईल. शाली चार शिल्लक आहेत.