बंद ठेवलेला रकाना

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. तुमच्या टेबलावर असतो तसला मात्र नव्हे. मला स्वतःचा पडदा नाही, माझ्यावर कुणी कधी खेळ खेळला नाही की गाणे ऐकले नाही. सात-आठ वर्षांचे मूल उभे राहावे एवढी माझी लोखंडी पेटी, तिच्यात आकडेमोडीची चार जाडजूड कार्डे आणि अकरा पंखे. मी कितीही ओरडलो तरी लोकांना पंख्यांचाच आवाज ऐकू येतो. आज तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर मी सगळे सांगून टाकणार आहे.

माझे सुटे भाग निरनिराळ्या कारखान्यांत बनले, पण माझे बाळंतपण केले वायरवाले काकांनी. ते विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले तंत्रज्ञ. विभागात कुठेही वायर लोंबू लागली की त्यांच्या नावाने हाका सुरू होत, म्हणून हे नाव. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत फरशीवर मांडी घालून त्यांनी मला दोन दिवसांत जोडले. शेवटी एक स्क्रू उरला. तो माझ्या कुठल्या अवयवाचा हे त्यांना कळले नाही आणि मलाही अजून कळलेले नाही. मी सुरू झालो तेव्हा ते म्हणाले, "चला, जीव आला." त्या दिवसापासून रोज सकाळी ते माझ्या पाठीवर तळवा ठेवून बघत. तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

मला मागवले होते सरांनी. त्यांचा एक प्रश्न होता, त्यासाठी माझा जन्म. तो तुम्हाला सोपा करून सांगतो. समजा, अणूएवढे बारीक लोहचुंबक आहेत. प्रत्येकाचे तोंड वर तरी असते, नाहीतर खाली. शेजाऱ्याशी त्यांचे कधी पटत नाही. शेजारी वर, तर हा खाली. दोघेच असले की काही तक्रार नाही. पण तिघांना त्रिकोणात बसवले की पंचाईत. एक वर, एक खाली, मग तिसऱ्याने करायचे काय? असे पुष्कळ त्रिकोण एकमेकांना जोडले आणि सगळे शक्य तितके थंड केले, तर हे चुंबक शेवटी काही शिस्त लावून गप्प बसतील, की कधीच बसणार नाहीत? सरांचा अंदाज होता, कधीच बसणार नाहीत. हा अंदाज त्यांनी तरुणपणी केला आणि चाळीस वर्षे सांभाळला. लोक त्यांना हसत नसत, पण मानही डोलवत नसत.

गणित साधे असते तर सरांनी ते कागदावरच सोडवले असते. पण अणूंच्या जगाचा कारभार उफराटा. तिथे चुंबक एका वेळी एकाच मांडणीत नसतात. शक्य तेवढ्या सगळ्या मांडण्यांचा थोडाथोडा वाटा एकाच वेळी असतो. दहा चुंबकांच्या मांडण्या हजारावर जातात. शंभरांच्या लिहायला बसलात तर जगातला कागद संपेल. म्हणून एक युक्ती केली होती. माझ्या पोटात एक शिकणारे जाळे होते. कुठल्या मांडणीचा वाटा किती, हे ते अंदाजाने सांगे. मग हजारभर फिरस्ते त्या मांडण्यांमधून हिंडत आणि नमुने गोळा करत. फिरस्ते म्हणजे माणसे नव्हेत, तेही आकडेच. त्या नमुन्यांवरून मी ऊर्जा काढत असे. ऊर्जा जितकी खाली, तितका अंदाज चांगला. जाळे चुके, सुधारे, पुन्हा चुके. शाळेत तुमचे चालते तसेच.

यात एक मेख आहे. मोजणी नीट झाली तर ऊर्जा खऱ्या तळाच्या, म्हणजे निसर्गात शक्य असलेल्या कमीत कमी ऊर्जेच्या, खाली कधी जात नाही. पण त्यासाठी फिरस्ते सगळीकडे हिंडले पाहिजेत. ते एका कोपऱ्यात बसून राहिले, तर आकडा वाटेल तेवढा खाली घसरतो आणि तो साफ खोटा असतो. म्हणून मी दर फेरीला एक रकाना छापत असे, म्हणजे माझ्या साठवणीतल्या फायलीत लिहीत असे: फिरस्त्यांनी टाकू पाहिलेल्या शंभर पावलांतली किती खरोखर पडली. तीस-चाळीस पडली की प्रकृती ठणठणीत.

माझ्यावर काम करायची ती धाकटी. आली तेव्हा सरांच्या विद्यार्थ्यांत सर्वांत लहान, म्हणून धाकटी. सात वर्षांत बाकीचे शिकून निघून गेले, ही एकटी उरली, तरी नाव धाकटीच. स्वभावाने हट्टी, कामाला वाघ. माझ्याशी बोलायची, तेही घरातल्या बैलाशी बोलावे तसे. "चल रे बाबा, ओढ जरा." मी ओढत असे. मित्रांनो, ती माझी सर्वांत सुखाची वर्षे.

सर वर्षअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या निरोपाच्या दिवसाआधी त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, असे धाकटीने मनाशी धरले. तिने दोन जाळी शिकवायला घेतली. एक शिस्तीत बसणाऱ्या चुंबकांचे, दुसरे न बसणाऱ्यांचे. ज्याची ऊर्जा खाली, तो अंदाज खरा. पहिल्याचा आकडा नीट मिळाला. दुसऱ्याचे काम निम्म्यावर आले आणि नेमकी माझी साठवण भरली.

माझी चूक नव्हती हो. शेजारच्या गटाने दुर्बिणीतल्या छायाचित्रांचे गठ्ठे 'दोन दिवस ठेवतो' म्हणून माझ्यावर टाकले होते, त्याला दीड वर्ष झाले होते. घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे. ती मंडळी शेजारच्या इमारतीत बसून उंटावरून शेळ्या हाकत. काम अडले, पाच दिवसांची मेहनत वाया गेली. धाकटीने स्वतःच्या जुन्या फायली पुसल्या, तरी जागा पुरेना. मग तिने एक ओळ लिहिली: फक्त ऊर्जा छाप, बाकीचे रकाने बंद.

"एवढ्यापुरतंच रे," ती म्हणाली.

ती बेपर्वा नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगतो. विभागाची रीत होती की मोठे काम लावण्याआधी बारा चुंबकांवर पडताळा घ्यायचा, कारण बारांचे उत्तर आधीच माहीत असते. तिने तो घेतला. आकडा तंतोतंत जुळला. पण बारांच्या लहानशा जगात फिरस्ते अडकत नाहीत. ते अडकले मोठ्या जगात, काम पुन्हा सुरू केल्यावर चौथ्या दिवशी.

मी पाहत होतो. शंभरांत चाळीस पावले पडत होती, ती अकरावर आली. मग तीन. मग एकही नाही. फिरस्ते एका कोपऱ्यात ठाण मांडून बसले आणि ऊर्जा भराभर खाली येऊ लागली. पावले मोजायचे काम धाकटीने थांबवले नव्हते, छापायचे थांबवले होते. म्हणून दर फेरीला मी शून्य मोजत होतो आणि ते शून्य टाकून देत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

आणखी एक गोष्ट घडली. एकदा काढलेले उत्तर मी जपून ठेवतो. तीच मांडणी पुन्हा आली तर नव्याने गणित करत नाही. फिरस्ते हलतच नव्हते, त्यामुळे मला काम उरले नाही. माझी कार्डे गार पडली. सकाळी काका आले, त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले.

"ताई, हा गार का लागतोय?"

"परवा नवा एसी बसवलात ना काका, त्यानं."

"एसी मीच बसवला हो. पण राबणाऱ्याचं अंग एसीतही गरम असतं."

धाकटीने मला जोडलेला टेबलावरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हा आकडा बघा. इतका छान कधीच उतरला नव्हता. आता कुठे त्याला सूर सापडलाय."

काकांनी आकडा पाहिला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," असे म्हणून त्यांनी हात काढून घेतला.

त्या क्षणी मला एखादा पंखा जरी बंद पाडता आला असता! काकांनी मला उघडले असते, धाकटी थांबली असती, निदान तिने पुन्हा एकदा पाहिले असते. मी अकराही पंख्यांना विनवून पाहिले. पण आम्ही सगळे सांगकामे. बंद पडायलाही आम्हाला हुकूम लागतो.

आकडा पहिल्या जाळ्याच्या खाली गेला. सरांचा अंदाज खरा ठरला, असे सर्वांना वाटले. सर खाली माझ्या खोलीत आले. त्यांची सवय अशी की नवा आकडा फळ्यावर लिहायचा आणि पुढे प्रश्नचिन्ह काढायचे. त्या दिवशीही त्यांनी तसेच केले. बराच वेळ ते खडू हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी अंगठ्याने प्रश्नचिन्ह पुसले. "आईला सांगायला हवं होतं," ते म्हणाले, "ती विचारायची, झालं का रे तुझं?" धाकटीचे डोळे भरून आले. विभागाने माझ्यासोबत सर्वांचा फोटो काढला. आयुष्यात एवढे कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते, आणि त्यातला एकही शब्द मला गोड लागला नाही.

पुढे सगळे भराभर झाले. धाकटीचा आणि सरांचा शोधनिबंध एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. त्याच्या जोरावर धाकटीला दूरच्या एका संस्थेत नोकरी लागली. सरांना ठिकठिकाणाहून व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. विभागात नवे यंत्र आले आणि काकांनी मला सामानाच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांशेजारी नेऊन ठेवले. अंगावर खिडकीचा जुना पडदा टाकताना म्हणाले, "नाव काढलंस बघ." दहा महिने मी त्या पडद्याखाली होतो. मला जे माहीत होते ते जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हते.

एका दुपारी धाकटी आली. चेहरा उतरलेला. नव्या संस्थेच्या यंत्रावर तिने तेच जाळे चालवले होते. तिथे जागेला तोटा नाही, सगळे रकाने आपोआप छापले जातात. पावलांच्या रकान्यात ओळीने शून्ये आली. तिथल्याच यंत्रात बिघाड असेल, अशी तिला अजून आशा होती. म्हणून ती माझ्याकडे आली.

काकांनी मला वीज जोडली, कुठूनसा पडदा आणि कळफलक आणला. तिने तो रकाना उघडला आणि जुने काम पुन्हा सुरू केले. मित्रांनो, ज्या क्षणाची मी इतकी वाट पाहिली, तो आला तेव्हा मला तो नको झाला. मी छापले: शून्य. शून्य. शून्य.

तिने फिरस्त्यांना चहूकडे विखरून पुन्हा मोजायला लावले. दोन तासांत मी तापलो. आकडा वर वर गेला आणि पहिल्या जाळ्याच्याही वर जाऊन थांबला. सरांचा अंदाज सिद्ध झालेला नव्हता. कदाचित तो चुकलेलाच होता.

धाकटीने मोडक्या खुर्चीवर बसून सरांना फोन लावला. फोन माझ्यावर ठेवून स्पीकर सुरू केला. तिने काही न लपवता सगळे सांगितले.

"कितीनं वर गेला?" सरांनी विचारले.

तिने आकडा सांगितला.

"हं. म्हणजे थोडाथोडका नाही. नियतकालिकाला कळवलंस?"

"नाही सर. आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं."

"इथे चुकलीस. आधी त्यांना कळवायचं, मग मला. मी चाळीस वर्षं थांबलो, आणखी एक दिवस थांबलो असतो. तो निबंध वाचून कुठेतरी एखादी तुझ्यासारखी आज कामाला बसली असेल."

"सर, तुमचं पुढच्या आठवड्यातलं व्याख्यान..."

"ते मी बघतो. तू जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. हो म्हणाली. फोन बंद झाल्यावर ती रडली, आणि काका दाराशी पाठमोरे उभे राहून हातातली वायर उगाच गुंडाळत राहिले.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे शेवटी तुम्हाला एवढेच सांगतात, की आमची धूळ पुसा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी ते मागत नाही. उद्या मला भंगारात नेणार आहेत आणि त्याचे मला फारसे दुःख नाही. माझी विनंती वेगळी आहे. आम्ही न कंटाळता शिकतो, मोजतो, पण विचारल्याशिवाय बोलत नाही. तेव्हा आमचे उत्तर तुमच्या मनासारखे आले की त्याच दिवशी, आनंदात असतानाच, आमचे सगळे रकाने उघडून बघा. आणि एखादा वायरवाला काका 'गार लागतोय' म्हणाला, तर त्याला हसू नका.

आता शेवटचे सांगतो. त्याच दुपारी धाकटीने निबंध मागे घेण्याचे पत्र लिहिले, माझ्यावरच. नोकरीचे काय होईल ते तिला ठाऊक नव्हते. तिने सगळा प्रकार क्रमाने मांडला, सरांचा त्यात काही दोष नाही हे लिहिले, आणि शेवटी एक वाक्य घातले: 'चूक संपूर्ण माझी आहे, यंत्राला हे कळणे शक्य नव्हते.'

ते वाक्य मला खोडायचे होते. पण कळफलकावर हात तिचे होते, आणि मी ते जसेच्या तसे पाठवले.