कोरडा कप

नामपूरच्या कांदा मार्केटात खंडेराव थुंकले नाहीत अशी भिंत शोधावी लागली असती. लिलाव तेच पुकारायचे. गालात तंबाखूचा बार, आवाज खणखणीत आणि दोन बोलींच्या मध्ये पिचकारी. ‘येथे थुंकू नये’ ही पाटी त्यांच्यामुळेच लागली, आणि तिचा रंग वाळायच्या आत तिच्यावर पहिली पिचकारी पडली तीही त्यांचीच.

मग जिभेच्या कडेला कॅन्सरची गाठ आली. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक दिले. घाबरलेल्या खंडेरावांनी सप्तशृंगी गडाकडे तोंड करून शब्द दिला, आई, जगव, पुन्हा जन्मात थुंकणार नाही. देवीने जगवलं. शेकांनी गाठीबरोबर लाळेच्या ग्रंथीही जाळल्या, त्यामुळे नवस पाळायला काही कष्ट पडेनात. थुंकायला तोंडात होतं काय? नवस बोलावा तर असा सोयीचा, असं त्यांची बायको अंबूबाई शेजारणींना सांगायची.

पण लिलाव गेला. चार वाक्यं पुकारली की जीभ टाळूला चिकटायची. पुतण्या ललित पुकारू लागला आणि खंडेराव पाण्याची बाटली घेऊन खुर्चीवर बसून त्याच्या चुका ऐकू लागले. गाठीनेही त्यांना एवढं रडवलं नव्हतं.

अशात नाशकात, गंगापूर रोडवरच्या एका रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी चालल्याचं कळलं. रुग्णाच्याच पोटातली चरबी काढायची, तिच्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करून वाढवायच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथीत टोचायच्या. खंडेरावांचं पोट बघून चाचणी घेणाऱ्या डॉक्टर स्नेहांचा चेहरा खुलला. ज्या पोटावरून अंबूबाईने जन्मभर टोमणे मारले, ते शेवटी शास्त्राच्या कामी आलं. एका बाजूला टोचून झालं होतं. गुण आला तर दुसरी बाजू, नाही आला तर चाचणीतून नाव बाद. आणि गुण आला की नाही, हे ठरवायचं एका कपाने.

“काका, तोंडात जमेल ते सगळं यात थुंका,” घड्याळ लावत डॉक्टर स्नेहा म्हणाल्या.

खंडेरावांनी कप घेतला. तोंडात जमत होतं. विसरलेला तो ओलावा जिभेखाली साचला आणि त्यांना गहिवरून आलं. त्यांनी तो गिळला. पुन्हा साचला, पुन्हा गिळला. वेळ संपली तेव्हा कप कोरडा होता.

“थुका ना,” अंबूबाई कुजबुजली. “काल कोरडी भाकर खादी ना तुम्ही, पानी न पेता.”

“देवीले सबद देयेल शे,” खंडेराव म्हणाले. “गाठ परत उनी म्हंजे?”

नवसाची हकीकत ऐकून डॉक्टर स्नेहा हसल्या नाहीत. त्यांच्या गाडीला लिंबू-मिरची टांगलेली खंडेरावांनी खाली पाहिली होती. “पण काका, गिळलेलं मला मोजता येत नाही.”

“मोजू नका. ऐका.”

खंडेराव उभे राहिले आणि कोपऱ्यातल्या वजनकाट्याचा लिलाव पुकारू लागले. माल बघा, काटा बघा, बोला. पाण्याचा घोट न घेता, कुठे न अडखळता बोली चढत गेली. बाहेरच्या बाकावरून कुणीतरी खरंच बोली लावली. शेवटचा भाव ठरायच्या ऐन वेळी दोन-चार शिंतोडे डॉक्टर स्नेहांच्या चष्म्यावर उडाले.

त्यांनी चष्मा काढून शांतपणे पुसला. “दिसतंय मला, काका. पण चष्म्यावरचं धरत नाहीत. कपातलंच लागतं.” आणि लिहायला पेन उचललं.

दारात हबीबभाई येऊन उभे होते. मालेगावचे विणकर, बाहेरच्या बाकावर ओळख झालेले, त्यांचंही तोंड शेकांनी असंच वाळलेलं, हातात तशीच बाटली. चाचणीत भाग घ्यायचा की नाही, हे त्यांना आज सांगायचं होतं.

“भाईसाब, सच बोलना,” ते म्हणाले. “फायदा हुआ?”

उत्तराआधी त्यांची नजर कपावर गेली. “समझ गया,” असं म्हणून त्यांनी बाटलीतून घोट घेतला आणि ते जिन्याकडे वळले.

तो घोट खंडेरावांच्या ओळखीचा होता. तहान नसते, पुढचा शब्द फुटावा म्हणून घ्यावा लागतो. गाठीची भीती वाटत होतीच, तरी त्यांनी कप उचलला.

“थांबा, हबीबभाई!” मार्केटातल्या आवाजात ते ओरडले. मग डॉक्टरांकडे वळले. “लावा घड्याळ परत.”

डॉक्टर स्नेहांनी नियम जरासा वाकवला आणि घड्याळ लावलं. खंडेरावांनी चपला काढल्या, गडाच्या दिशेने हात जोडले आणि जन्मभर नको तिथे थुंकलेला तो माणूस पहिल्यांदाच, सांगितलेल्या जागी थुंकला. मग पुन्हा, आणि पुन्हा.

हबीबभाईंनी कप खिडकीच्या उजेडात धरला. तिरपा करून पाहिला. मग त्यांनी सहीसाठी पेन मागितलं.

खंडेरावांनी चपला पायात सरकवल्या. “देवीले काय सांगू आते?”

अंबूबाईने पदराने त्यांची हनुवटी पुसली. “मी सांगसू,” ती म्हणाली. “सोताकरता नही थुकनात म्हनीसन.”