केसांवर घेतलेलं भांडं

“घोडी वरुडले गेली बाई, वरातीत. शेपटाचे केस उद्या देतो,” घोडीवाला डोमाजी फोनवर म्हणाला, तेव्हा भट्टीतलं भांडं लालबुंद होत आलं होतं.

अमरावतीच्या घरामागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपाची ती भट्टी घुमत होती. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर संध्यानं राकूचा, म्हणजे जपानी पद्धतीनं मातीची भांडी भाजण्याचा, हा नाद लावून घेतला होता. तापलेलं भांडं चिमट्यानं बाहेर काढायचं. मग संत्र्याचं वाळलं पान, पीस, केस, जे त्याच्या अंगाला टेकेल ते जळतं आणि आपली काळी खूण ठेवून जातं. घोडीच्या केसांच्या रेघा उन्हाळी रानातल्या भेगांसारख्या उमटत. कोणती रेघ कुठं वळेल, ते संध्याच्या हाती नसे. तिला तेच आवडे.

“मंग हे घे.”

दारात तिची माय, जमुना, उभी होती. डोक्याला घट्ट रुमाल. दवाखान्यातली औषधं सुरू झाल्यावर ती मोर्शीहून लेकीकडे आली, ती आरशासमोर जाईना की अंगणात येईना. आज आली होती. हातात स्वतःच्या गळलेल्या केसांचं गुंतवळ.

“हे काहून जपून ठेवलं, माय?”

“सवय. दाराच्या फटीत खोचून ठेवाचं, केसवाली आली का तिले देऊन भांडं घ्याचं. तुह्या लग्नातली परात माह्या केसाचीच हाय.”

“माह्याच्यानं हे जाळणं नाही होत.”

“फेकणं होते?” जमुना म्हणाली. “आता पुढे निघनार नाहीत. आखरीचं भांडं तुह्याकडून घेतो.”

संध्यानं भांडं बाहेर काढलं. पहिली बट टेकवताच भस्सकन जाळ झाला आणि काठाखाली मोठा डाग पडला.

“तेल लावलं होतं काय वं?”

“मंग? तेलानं वजनात भरते. त्या केसवालीले अजून समजलं नाही.”

संध्याला हसू आलं; पण भांडं निवत चाललं होतं, आणि निवल्या मातीवर केस नुसते पडून राहतात. तिनं उरलेले केस ओढणीत घट्ट पुसले आणि एकेक करून सोडले. ते वळले, थरथरले, विरून गेले. जळक्या वासाखाली खोबरेल तेलाचा वास होता. मोर्शीचं अंगण, मागं संत्र्याची झाडं, मायच्या गुडघ्यांत घट्ट धरलेली आपण, आणि केसांतून उतरणारी फणी. झाडांतून वारा येई आणि डोळे आपोआप मिटत.

निवल्यावर भांडं तिनं मायच्या हाती दिलं. वर तेलाचा डाग, झाडाच्या सावलीसारखा. त्यातून खाली उतरलेल्या बारीक, नागमोडी रेघा.

जमुना पायरीवर बसली. भांडं तिनं दोन्ही गुडघ्यांत धरलं, जरा पलीकडे वळवलं, आणि वरून खाली बोट फिरवत राहिली, भांग शोधावा तशी. रुमाल मागे सरकला होता. तो तिनं सावरला नाही.