फेर

"पाच भोकं तुमच्या हबला, पाच भोकं ह्या रिंगला. मंग अडलं कुठं काका?"

रामरावने रिंग काउंटरवर आपटली. जालन्यातल्या मस्तगडच्या त्या स्पेअरपार्टच्या दुकानात उभं राहायला धड जागा नव्हती. कारभारीने खांद्यावरच्या पिशवीतून फ्लेक्सचा तुकडा काढला आणि रिंगवर पसरला. तुकड्याला पाच भोकं होती. एक भोक रिंगच्या भोकावर आणलं, तर पलीकडची दोन जराशी बाजूला राहिली.

"हे बघा. भोकांचा फेर मोठाय ह्याचा."

"कितीसा? तांदळाच्या दाण्याएवढा! कानस मारून भोकं वाढवून देतो. नट आवळले की बसतंय."

"बसतंय, पण राहत न्हाई," कारभारी म्हणाला. "मागं दहा-बारा माणसं असतात, रामराव."

गावातल्या भजनी मंडळाला कीर्तनाला नेणारी जीप कारभारीची, आणि मंडळात तो टाळकरीही. गेल्या महिन्यात मंडळाच्या म्होरक्याने, भारतने, घाईघाईत पंक्चर काढून चाक चढवलं होतं. नट आवळायचे ते आडवे-तिडवे, एक सोडून एक. त्याने ओळीने आवळले आणि निघून गेला. पुढे नट ढिले पडले, चाक डुगडुगत राहिलं आणि रिंगची भोकं झिजून लंबगोल झाली. परवा कारभारीने चाक उतरवलं तेव्हा रिंगला तडाही गेलेला दिसला. भारतला तो काही बोलला नाही. पोरगा लहान असताना त्याच्या हातात पहिल्यांदा टाळ कारभारीनेच दिले होते. पुढे तो मृदंगाकडे वळला, नावारूपाला आला. अशा पोराला चारचौघांत काय बोलायचं?

झिजलेल्या भोकांवर कुठलीही रिंग बसली असती, म्हणून जुनी रिंग सोबत आणण्यात अर्थ नव्हता. पाच भोकांत समोरासमोर एकही येत नाही, त्यामुळे पट्टी लावून माप निघत नाही. त्याने गेल्या वर्षीच्या सप्ताहाचा फ्लेक्स कापला, चाक ज्यावर बसतं त्या हबवर ताणून धरला आणि बोल्टांची टोकं त्यातून आरपार काढली. यंदाचा फ्लेक्स देवळावर लागलेला होता. त्याच्यावर मंडळातल्या सगळ्यांचे फोटो होते, कारभारीचा तेवढा नव्हता. जागा पुरली नसेल, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

आज जांब समर्थला संध्याकाळचं कीर्तन होतं. ऊन कललं की गाडी मारुतीच्या पारावर पाहिजे, असं ठरलेलं.

फोन वाजला. भारत.

"काका, कुठंयत?"

"जालन्यात. रिंग पाहून राह्यलो बाबा."

"अजून पाहूनच राह्यलात? घ्या ना कोणती बी. बराबर टायमाला या बरं का. न्हाई तर आमी आमचं पाहतो."

फोन ठेवल्यावर शेवटचे शब्द कानात कुसळासारखे रुतून राहिले. रामरावने कानस उचललीच होती. "मारू का? पाच मिनिटांचं काम." कारभारीने रिंगकडे पाहिलं. ही घेतली तर ऊन कलायच्या आत गावात. रस्त्यावर खड्डे किती, वळणं किती, मागच्या बाकावर कोण कोण बसतं, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"नको," तो म्हणाला.

"मंग फिरा. त्या जुन्या जीपा गेल्या अन् त्यांच्या रिंगा बी गेल्या. एमआयडीसीतल्या भट्टीत वितळून त्याच्या सळया झाल्या. लोकांच्या स्लॅबमध्ये शोधा आता!"

मोटारसायकल शेजाऱ्याची मागून आणलेली. एका दुकानावरून दुसऱ्या दुकानावर, तिथून भंगारात. कुठे सहा भोकं, कुठे फेर लहान, कुठे मधलं भोक इतकं मोठं की हबवर पकडच नाही. शेवटी एमआयडीसीच्या अलीकडे एका भंगाराच्या वाड्यात ट्रक भरताना दिसला. वजनकाट्याजवळ लोखंडी खुर्चीवर बसलेली बाई मजुरांवर खेकसत होती. तिला सगळे बेबीनंदा म्हणत.

"जीपची रिंग? तो ढीग भट्टीला चाललाय. ट्रक भरायच्या आत काय उपसायचं ते उपसा."

कारभारीने ढीग उपसला. हात काळे झाले, नख उचकटलं. तळाशी एक रिंग सापडली, गंजलेली पण सरळ. त्याने सदऱ्याने पुसून फ्लेक्स ठेवला. पाचही भोकं बरोबर पाचांवर. मधला गोलही जुळला. नकळत त्याच्या तोंडून निघालं, "रामकृष्ण हरी!"

बेबीनंदा उठून पाहायला आली आणि हसायला लागली. "अहो, महाराजाच्या फेट्याला भोक पाडलं की तुमी! पाप लागंल ना." मग तिने वाकून तुकड्यावरचे फोटो नीट पाहिले. "हे टाळवाले तुमीच का? गाता बी का?"

"गायचो. आता आवाज बसलाय."

"मंग उभं कामून राहता?"

"टाळ धरून उभं राहिलं की बरं वाटतं," कारभारी म्हणाला. याहून वेगळं सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. धाप लागली तरी पायांची पावली चुकत नसे. बाकीच्यांच्या आवाजात आपला फाटका आवाज मिसळला की तो फाटका राहत नाही, असं त्याला वाटे.

"घेऊन जा," ती म्हणाली. "देवाच्या दारी चाललीय, तिचं वजन काय करायचं!"

गावात टायर चढवून, चाक बसवून, आडवे-तिडवे नट आवळून त्याने जीप पारावर आणली तेव्हा ऊन पार उतरलं होतं. पारापुढे पांढरी नवी गाडी उभी. सगळं मंडळ आत बसलेलं. पुढच्या सीटवर महाराज.

"आलात? बरं झालं," भारत खिडकीतून म्हणाला. "आमी बसलो आता ह्याच्यात. तुमी असं करा काका, सतरंज्या अन् भोंगे घेऊन मागून या."

"अन् माझे टाळ?"

टाळ मंडळाच्या पिशवीत असत. भारतने आत पाहिलं, मग खाली उतरून जवळ आला. आवाज हळू केला. "टाळ कडूबाच्या अंगदला दिलेत. तुमच्या जागी तो उभा राहील आजपासून. रागवू नका काका. दोन सालापासून सूर खाली ओढून राह्यला तुमचा. सगळे सांभाळून घेत होते. गाडी होती म्हणून..."

तो तिथेच थांबला. पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

"चाक पाहिलंस का?" कारभारीने विचारलं. "फेर बराबर जुळला."

"हो का? भारी," भारत म्हणाला आणि पळत जाऊन गाडीत बसला.

धुरळा बसला तेव्हा त्याची बायको उषाबाई भाकरीचं गाठोडं घेऊन पाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "नवा फ्लेक्स लागला तवाच मला कळल्तं," ती म्हणाली.

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी सदरा धुऊन ठेवल्ता जांबसाठी. काय बोलू?"

कारभारीने अंगातल्या त्या सदऱ्याकडे पाहिलं. गंजाचे डाग, ग्रीसचे पट्टे. "सामान टाकून माघारी येऊ," तो म्हणाला. भोंगे मागे चढवले, सतरंज्या लावल्या. महाराजांच्या सीटवर आजवर कुणी बसत नसे. उषाबाई दार उघडून तिथे बसली.

जांबला मंडपामागे गाड्या लावायची जागा होती. पोरांनी येऊन सामान उतरवून नेलं. "जल्दी करा, महाराज उभे राह्यले," एवढंच बोलले. माघारी फिरायचं ठरलेलं, पण तेवढ्यात मंडपात नामाचा गजर सुरू झाला आणि कारभारीचा चावीवरचा हात खाली आला.

तो उतरला. नवी रिंग चढवल्यावर थोडं चालवून नट पुन्हा तपासावे लागतात. पाना घेऊन तो चाकाजवळ बसला. उषाबाईने मोबाइलचा उजेड धरला. त्यानेच आणलेल्या भोंग्यांतून टाळ वाजत होते. त्यात एक जोड जाड, किंचित घोगरी, सगळ्यांच्या आवाजात वेगळी ऐकू येत होती. ती कारभारीच्या बापाची जोड, आता अंगदच्या हातात. अंगदचा हात चांगला होता. ठेका कुठेच चुकत नव्हता.

कारभारीने पहिल्या नटाला पाना लावला. एक सोडून पुढचा. पुन्हा एक सोडून. एकही नट तसूभर हलला नाही.

"बसलं का नीट?" उषाबाईने विचारलं.

"बसलं."

मंडपात पावली सुरू झाली. बसल्या बसल्या त्याचा पाय मातीत एकदा पुढे सरकला. त्याने तो मागे घेतला आणि दगडावर वाजू नये म्हणून पाना हलकेच मातीत ठेवला.