रताळ्याच्या वाटचं पाणी

मित्रांनो, मी औशातली एक जुनी निळवेल आहे. सकाळी निळ्या भोंग्यांसारखी फुलं उघडते, ऊन चढलं की मिटते. माझ्या पणजीनं म्हणे औशाच्या किल्ल्याचा एक बुरूज मिठी मारून धरला होता. तिनं सोडला असता तर तो त्याच दिवशी खंदकात गेला असता. खोटं वाटत असेल तर बुरुजाला विचारा, तो नाही म्हणणार नाही.

मी मात्र साध्या कुंपणावर वाढले. तिथं मला कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नाही. आणि माझी चुलत बहीण, रताळ्याची वेल! पान तेच, चीक तोच. पण ती मातीत गाठी धरते, म्हणून तिला वाफा, तिला खत, अन् शिवरात्रीच्या उपासाला ताटात पहिली जागा. माझ्या पानापानाची आग व्हायची.

दसरा झाल्यावर संगप्पा कुंपणाशी आले. लातूरच्या डाळमिलमधून निवृत्त झालेला माणूस. डोळे मिटून तूर कुठल्या शिवारातली ते सांगतील, पण वेलींतलं काही कळत नव्हतं. बायकोनं, साखराबाईनं, मोरीजवळ रताळी लावली होती. तिच्याहून मोठी काढून दाखवायची म्हणून त्यांनी रताळ्याची समजून माझी फांदी तोडली आणि अंगणात लावली. फांदीबरोबर मीही आले. शिवरात्रीला कुणाची रताळी शिजतात, यावर नवराबायकोत पैज लागली.

मग काय विचारता! रोज बादलीभर पाणी, वर शेणखत. पण रताळं सरपटतं आणि मी चढते. डिश अँटेनाचा खांब हातभर अंतरावर, तरी मी मन मारून मातीत लोळत राहिले. चढले असते तर सोंग फुटलं असतं, अन् पाणी पुन्हा बहिणीकडं गेलं असतं. गाठ धरावी म्हणून मुळांना इतका जोर लावला, की अंगणातल्या फरश्या टोपीसारख्या उचलल्या गेल्या. गाठ काही आली नाही. फुलं आली, तेव्हा संगप्पा साखराबाईला ऐकवत राहिले, की खाली रताळ्यांना जागा पुरेना म्हणून वेल वर फुलतेय.

शिवरात्रीच्या सकाळी कुदळ आली. बहिणीखाली टोपलीभर रताळी निघाली. माझ्याखाली दोऱ्यांसारखी मुळं. संगप्पा गुडघाभर खणत गेले.

"अवो, तुमचं रताळं लई लाजाळू हाय," साखराबाई म्हणाली. "खाली खाली चाललंय."

संगप्पांनी मला बुडाशी धरलं. उपटणारच होते, तेवढ्यात शेजारच्या सुमनबाईंनी भिंतीवरून विचारलं, काय निघालं?

संगप्पांचा हात थांबला. "निघायचं काय? ही फुलाची हाय. महादेवाला वाहायला लावलीय."

साखराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. खरं बोलली असती, तर गल्ली वर्षभर हसली असती. तिनं माझं एक फूल खुडून पूजेच्या ताटात ठेवलं.

"हाव," ती म्हणाली, "फुलाचीच हाय."

संगप्पांनी माती परत लोटली आणि सुतळीनं मला खांबाला बांधलं. मी चढले. वरून पाहिलं, तर पातेल्यात बहीण शिजत होती आणि सगळं घर तिचाच वास घेत होतं. शिजली तरी मान तिलाच!

मित्रांनो, एवढीच विनंती. वेलीला पाणी घाला, पण तिच्या पोटात काय आहे ते उकरून बघू नका. ती फूल देते, तेवढं गोड मानून घ्या. आणि माझ्या शेजारी रताळी तर मुळीच लावू नका.