डावा पाय आधी

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. माझा जोडीदार शेजारीच बसला आहे, पण तो पहिल्यापासून अबोल, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी डावा. मराठी घरात राहून मला एवढं नक्की कळलं की डाव्याचा जन्म काही मानाचा नाही. नव्या घरात शिरायचं तर उजवा पाय. परीक्षेला निघायचं तर उजवा पाय. एखाद्याला मागे सारलं तर म्हणतात, त्याला ‘डावललं’. आता यात माझा काय गुन्हा? म्हणून मी माझी गोष्ट जरा तोऱ्यातच सांगणार आहे. मी वाळवंट पाहून आलो आहे, तेवढा तोरा मला शोभतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. माझं कातडं खरखरीत, वाळूच्या रंगाचं. मला पॉलिश चालत नाही, नुसता ब्रश फिरवला की झालं. टाचेजवळ गरुड, पृथ्वीचा गोल आणि जहाजाचा नांगर असं चिन्ह उमटवलेलं आहे. ते मरीन सैनिकांचं, म्हणजे समुद्रावरून जाऊन जमिनीवर लढणाऱ्या अमेरिकी फौजेचं चिन्ह. ज्या दिवशी ते माझ्यावर उमटलं, त्या दिवशी आपण कुणीतरी मोठे झालो असं मला वाटलं. पायात माणूस नसेल तर बूट म्हणजे नुसतं खोकं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

ते माणूस मला साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर भेटलं. नाव ऐकून फसू नका. तिथे दलदल, घाम आणि डोळ्यात, कानात शिरणारी चिलटं. मरीन व्हायला आलेल्या पोरांना आणि पोरींना तिथे तयार करतात. मला जिच्या हातात दिलं ती आश्लेषा हर्डीकर, टेक्सासमधल्या शुगर लँडची. वडील गिरीश हर्डीकर तेलकंपनीत इंजिनियर, आई मंजुषा लायब्ररीत. कॉलेजचं एक वर्ष झाल्यावर या मुलीने घरी सांगितलं की मी मरीनमध्ये जाणार. आईने रडून घर डोक्यावर घेतलं. बाबा मात्र ओरडले नाहीत. ते फक्त त्या विषयावर बोलायचे थांबले. मराठी मंडळात कुणी विचारलं, ‘आशू काय करते हो सध्या?’ तर म्हणायचे, ‘गव्हर्नमेंट जॉब आहे.’ जणू काही पोरगी टपालखात्यात शिक्के मारते!

लेस बांधता बांधता आश्लेषाने हे शेजारच्या मुलीला सांगितलं, तेव्हा मला तिच्या मनातलं कळलं. तिला पदकं नको होती. बाबांनी एकदा, फक्त एकदा, चार लोकांत ‘माझी मुलगी मरीन आहे’ असं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मित्रांनो, ही माझी गोष्ट असली तरी तिचा जीव त्या एका वाक्यात अडकला होता, हे लक्षात ठेवा.

आता कवायतीचा पहिला दिवस ऐका. उन्हात मुलींची रांग उभी. ड्रिल शिकवणारी बाई म्हणजे साक्षात तोफ. तिने हुकूम सोडला, ‘फॉरवर्ड, मार्च!’ सगळ्या रांगेने डावा पाय उचलला आणि आश्लेषाने उचलला उजवा. निघताना आईने बजावलं होतं ना, नव्या कामाला उजवा पाय! पुढचीची टाच चेपली, ती तिच्या पुढचीवर गेली आणि रांग कोसळली. बाई आश्लेषाच्या नाकाला नाक लावून ओरडली, ‘ही कुणाची अक्कल?’

त्या बेटावर शिकाऊंना ‘मी’ म्हणायला बंदी असते. स्वतःबद्दल बोलायचं तर ‘हा रिक्रूट’ म्हणायचं. बिचारी खरं तेच बोलली, ‘धिस रिक्रूट्स मदर, मॅम!’

बाईच्या ओठांचा कोपरा हलला. मी खालून नीट पाहिलं. पण लगेच तिने आश्लेषाला वाळूच्या खड्ड्यात धाडलं आणि हात कापेपर्यंत जोर काढायला लावले. वरून नावाचीही चिरफाड केली. ‘हार्डी-कार! गाडी आहेस ना? मग चाल! लेफ्ट! लेफ्ट!’ मला शिक्षेचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण कान तृप्त झाले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी डाव्याच्या नावाने एवढ्या मोठ्याने हाक मारत होतं. इथे पहिला मान माझा होता.

त्यानंतर आम्ही चिखल तुडवला, दोरांवर चढलो, पाठीवर ओझं घेऊन चाललो. आश्लेषाच्या टाचा सोलवटल्या, मग घट्ट झाल्या. मीही आधी ताठ होतो, हळूहळू तिच्या पायाच्या वळणाने वळलो. माझ्या आतल्या कडेला तिने काळ्या शाईने आडनाव छापलं. शेवटच्या लांब चालीनंतर तिच्या हातावर ते गरुडाचं चिन्ह ठेवलं आणि तिला मरीन म्हटलं, तेव्हा ती ढसाढसा रडली. प्रशिक्षण संपल्याच्या संचलनाला आई-बाबा दोघे आले. बाबांनी भरपूर फोटो काढले. पण त्यातला एकही त्यांनी मंडळात कुणाला दाखवला नाही.

पुढे आम्ही अफगाणिस्तानात हेलमंडला गेलो. तिथली धूळ मैद्यासारखी बारीक. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत. दुपारी जमीन एवढी तापायची की माझा सोल मऊ पडायचा. आश्लेषा बायकांच्या एका छोट्या तुकडीत होती. तिथल्या घरांतल्या बायकांशी परके पुरुष बोलू शकत नाहीत, म्हणून गस्तीबरोबर या मुली जायच्या. तुकडीची प्रमुख सार्जंट ब्रूसार्ड, लुईझियानाची. शिस्तीला कडक. गस्तीवर असताना बूट काढायचे नाहीत, हा तिचा नियम, आणि नियम बरोबरच होता. केव्हा पळावं लागेल याचा काय नेम?

एका गावात आम्ही एका घराशी गेलो. दाराशी चपला ओळीने मांडलेल्या. आत बायका भिंतीला टेकून गप्प. दुभाषी बाई काही विचारी, उत्तर मिळेना. आश्लेषा उंबऱ्याशी आली, चपला पाहिल्या आणि काय सांगू, खाली बसून लेस सोडायला लागली! शुगर लँडच्या घरात जन्मभर जे केलं तेच हातांनी आपसूक केलं. मी पहिला उतरलो. चपलांच्या ओळीत जाऊन बसलो. सार्जंटचा चेहरा लालबुंद. ‘हार्डी-कार, आर यू आउट ऑफ युअर माइंड?’ ती दातांमधून फुत्कारली. तेव्हा कुठे पोरीला आपण काय केलं ते कळलं. ‘सॉरी, सार्जंट. हॅबिट,’ एवढंच ती म्हणाली.

पण आतली म्हातारी उठली होती. ती उंबऱ्यापर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं, आश्लेषाच्या भोकं पडलेल्या मोज्यांकडे पाहिलं आणि डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडाला लावून हसली. एवढे शिपाई त्या घरात येऊन गेले होते, सगळे सतरंजीवर बूट घेऊन. म्हातारीने चहा मागवला. बायका बोलू लागल्या. कुणाच्या नातवाला ताप होता, कुणाची विहीर आटली होती. निघताना आश्लेषा मला पायात चढवत होती, तेव्हा म्हातारीने तिची बाही धरली आणि हळूच काहीतरी सांगितलं. दुभाषी बाईचा रंग उडाला. परतीच्या वाटेवर, कालव्याच्या बांधालगत, आदल्या दिवशी काही माणसं खणत होती.

येताना आम्ही दुसरीकडून आलो होतो, पण परत त्याच वाटेने जाणार होतो, मित्रांनो! सार्जंटने सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. सुरुंग शोधणारे जवान पुढे गेले. बांधाखाली बॉम्ब निघाला. त्याच्यावर पहिलं पाऊल बहुधा माझंच पडलं असतं. आजही आठवलं की माझ्या लेसा सैल होतात.

तळावर आल्यावर सार्जंट ब्रूसार्ड म्हणाली, ‘पुन्हा असं केलंस तर तुला भांडी घासायला बसवीन.’ मग तिने आश्लेषाला छातीशी घट्ट धरलं. पुढे गस्तीतले सगळे आपापल्या घरी स्वतःच्या पायांवर परतले. आश्लेषाला पदकही मिळालं, पण मी अजून सांगतो, तो पराक्रम उंबऱ्याशी झाला.

घरी आल्यावर मात्र आमची रवानगी गॅरेजमध्ये झाली. एका बाजूला आकाशकंदिलांचं खोकं, दुसऱ्या बाजूला मोडका राइस कुकर. आश्लेषा पुन्हा शिकली, फिजिओथेरपिस्ट झाली. आता ती ह्यूस्टनला जखमी सैनिकांना नव्याने चालायला शिकवते. तिला वेळ नव्हता, मी रागावलो नाही. बरं, बाबांच्या तोंडी अजून तेच, ‘गव्हर्नमेंट जॉब.’ त्यात टेक्सासची दमट हवा. वर्षानुवर्षं तसाच पडून राहिल्यावर माझा सोल सुटायला लागला.

गेल्या नोव्हेंबरात गावात माजी सैनिकांचं संचलन ठरलं. मंडळाच्या ढोल-ताशा पथकालाही चौकात वाजवायला बोलावलं होतं. आश्लेषाने मला बाहेर काढलं, पायात घातलं, दोन पावलं टाकली आणि माझा सोल लोंबायला लागला. ती गॅरेजच्या पायरीवर मटकन बसली. ‘इट्स ओके,’ ती म्हणाली, ‘स्नीकर्स घालते.’ पण मला काढून शेजारी ठेवल्यावर माझ्यावरचा हात काही ती काढेना.

बाबा तिथेच होते. आता निवृत्त, केस पांढरे. त्यांनी मला उचललं आणि मांडीवर घेतलं.

‘बाबा, अहो, बूट आहेत ते! तुम्ही नका हात लावू.’

‘गप बस. क्लॅम्प दे तो.’

त्यांनी माझी माती खरवडली, जुना डिंक काढला, नवा लावला आणि सोल चिकटेपर्यंत मला क्लॅम्पच्या चिमट्यात धरलं. एवढ्या हळुवारपणे मला कुणी कधी हाताळलं नव्हतं. मग त्यांनी लेसांखालची माझी जीभ बाजूला केली आणि त्यांचा हात थांबला. आतल्या कडेला शाईने छापलं होतं, हर्डीकर.

‘आपलं नाव? बुटात?’

‘सगळ्यांना छापावं लागतं, बाबा. पण तिकडे मला सगळे याच नावाने ओळखायचे.’

‘त्या बॉम्बच्या दिवशी हेच पायात होते?’

‘हो.’

बाबांनी चष्मा काढून पुसला. बॉम्बची गोष्ट त्यांना माहीत होती, पण त्यांनी ती कधी पुरी ऐकून घेतली नव्हती. खोलीतून उठून जायचे. ‘मरीन हा शब्द बोललो ना आशू,’ ते खालच्या आवाजात म्हणाले, ‘की मला तू परत न आलेली दिसायचीस. म्हणून जमलं नाही.’ इतकी वर्षं मी त्यांना भित्रा समजत होतो. ते भ्यालेले होते, पण तिच्यासाठी. एवढं कळल्यावर माझा सगळा राग गेला.

संचलनाच्या दिवशी सकाळी आकाश निरभ्र होतं. मी तिच्या पायात घट्ट बसलो होतो. मरीन्सची रांग चौकात आली, ढोल घुमत होते. रस्त्याच्या कडेला मंडळाची माणसं, मधोमध बाबा. मंडळाचे पुरुषोत्तमकाका नागपूरहून नव्याने आलेल्या एका जोडप्याला ओळख करून देत होते, ‘ती गिरीशरावांची मुलगी. गव्हर्नमेंटमध्ये आहे.’

‘नाही!’ बाबा एवढ्या जोरात म्हणाले की ताशावाल्याची काडी हवेतच राहिली. ‘माझी मुलगी मरीन आहे! हेलमंडला जाऊन आलीय! यू हिअर मी? शी इज अ मरीन!’

रांगेतल्या सगळ्यांनी ‘ऊऽरा!’ अशी मरीनची आरोळी ठोकली. ढोल पुन्हा कडाडले. बाबा रडत होते, टाळ्या वाजवत होते आणि तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. आश्लेषाने मान वळवली नाही, रांगेत वळवायची नसते. पण आत तिची बोटं आनंदाने मुडपली, ती मलाच कळली. माझं पाऊल रस्त्यावर असं दणकून पडलं की काय विचारता!

मित्रांनो, तुमच्या घरात आमच्यासारखी जुनी जोडी असेल तर तिला ओलीत टाकू नका, वर्षातून एकदा ब्रश फिरवा. आम्हाला तेवढं पुरतं. पण जे कुणी ती घालून लांब जाऊन आलं, त्याला ते पुरत नाही. त्याच्याबद्दल चार लोकांत मोठ्याने बोला, आणि ते त्याच्या कानावर पडेल असं बोला.